रविवार आणि पाचवी मागणी

दिवाळीच्या दिवसांत सुटीचे मोल कुणाला समजावून सांगावे लागत नाही. फराळाचे ताट पुढे घेऊन घरातली सारी माणसे एकत्र बसतात, तेच खरे सणाचे सुख. परंतु आठवड्याची साधी रविवारची सुटी गिरणी कामगाराला फुकट मिळालेली नाही, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले चकित होतात.

ती मिळवणारे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक होते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये मध्यस्थ नको, ही या समाजाची श्रद्धा. लोखंडे यांनी ती श्रद्धा मुंबईच्या गिरण्यांच्या दारात नेली. देवापुढे जे सारे सारखे, त्यांतल्या एकाने दिवे लागेपर्यंत राबावे आणि त्याला विसाव्याचा दिवसच नसावा, हे त्यांना कसे पटावे? शिवाय रविवार हा तर आपल्या खंडोबाचा वार!

सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात मागण्या पाच. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि मागल्या महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. पाचवी मागणी मला सर्वांत मोठी वाटते: काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पाचवी मागणी मात्र रेंगाळली. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा १९२३ साली आला. आजारपणात पगाराचा काही भाग देणारा राज्य विमा कायदा १९४८ चा, आणि त्याची योजना १९५२ पासून सुरू झाली. लोखंडे तोवर कुठले राहणार? १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, प्लेगनेच त्यांना नेले होते.

आमच्या गंगापूर रोडवर मराठा विद्या प्रसारक समाजाचे मोठे महाविद्यालय आहे. १९१४ साली नाशकात स्थापन झालेल्या त्या संस्थेमागे सत्यशोधक विचारांचीच प्रेरणा होती. त्याच रस्त्यावर आज नव्या इमारती उठताहेत. तिथे विटा वाहणाऱ्या बाईला ताप आला, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग ती तापातच पाटी उचलते. सातपूरच्या कारखान्यात कायम नोकरीवर असलेल्या तिच्या शेजाऱ्याला आजारपणाची जी हमी आहे, ती तिच्या वाट्याला आलेली नाही.

आपल्या धर्मात आजाऱ्याची सेवा पुण्यकर्म मानतात. लोखंडे यांनी एवढेच पुढे सांगितले की, पडलेल्या माणसाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवणे पुरेसे नाही; त्याची चूलही पेटती राहिली पाहिजे. यंदा फराळाचा डबा आपण त्या बाईच्या हाती जरूर द्यावा, पण ती आजारी पडेल त्या दिवशीची मजुरीही तिच्या हाती ठेवावी. पाचवी मागणी अजून पुरी व्हायची आहे.