पाळीव कुत्रा चावला तर जबाबदार कोण? जात, मालक आणि कायदा काय सांगतो?

पाळीव कुत्र्याने कुणाला चावल्याचा व्हिडिओ व्हायरल झाला की कमेंटमध्ये दोन गट पडतात. 'या जातीवर बंदीच घाला' असं एक गट म्हणतो. 'कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो' असं दुसऱ्याचं म्हणणं असतं. कायदा मात्र वेगळाच प्रश्न विचारतो: मालकाने पुरेशी काळजी घेतली होती का?

काही जाती जन्मतःच आक्रमक असतात का?

माणसाने कुत्र्यांच्या जाती ठराविक कामांसाठी घडवल्या. पिटबुलचे पूर्वज झुंजींसाठी पैदा केले गेले, तर जर्मनीतला रॉटवायलर गुरं हाकायला आणि गाडे ओढायला वापरला जायचा. त्यामुळे स्वभावावर जातीचा काहीच परिणाम होत नाही असं म्हणता येत नाही. पण तो परिणाम किती?

'सायन्स' या नियतकालिकात एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले गेले आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए तपासला गेला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला फक्त ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीमुळे असतो, असं त्यात आढळलं. बाकीच्या फरकामागे प्रत्येक कुत्र्याची स्वतःची जडणघडण आणि आजूबाजूची परिस्थिती असते. पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लाला माणसांची सवय झाली का, त्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवतात का, ते घाबरलेलं किंवा दुखण्याने बेजार आहे का, यावर बरंच काही ठरतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. कुत्रा चावण्याची शक्यता आणि चावल्यावर होणारी इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोटा पॉमेरेनियनही चावतो, पण बहुतेक वेळा टाके घालावे लागत नाहीत. चाळीस-पन्नास किलोच्या कुत्र्याने तेच केलं तर जीव जाऊ शकतो. जुलै २०२२ मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्धेचा मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यातल्या हणजूण इथे सात वर्षांच्या मुलाचा पिटबुलने जीव घेतला. म्हणजे मोठा, ताकदवान कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारीही तितकीच मोठी.

केंद्राने घातलेल्या बंदीचं काय झालं?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, अकिता, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची विक्री, पैदास आणि पाळण्यावर बंदी घाला, आणि जे आधीच घरोघरी आहेत त्यांची नसबंदी करा, असं त्यात म्हटलं होतं.

हे पत्र महिनाभरच टिकलं. एप्रिल २०२४ मध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. या जाती सुरक्षित आहेत, असा निर्वाळा न्यायालयांनी दिलेला नव्हता. संबंधितांचं म्हणणं न ऐकता निर्णय घेतला गेला, हा मुख्य आक्षेप होता.

इतर देशांचे अनुभवही वेगवेगळे आहेत. ब्रिटनमध्ये १९९१ पासून पिटबुलसह चार जातींवर बंदी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली हा प्रकारही सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय पाळता येत नाही. नेदरलँड्सने मात्र १९९३ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी काही वर्षांनी मागे घेतली.

भारतात मालकाला काय शिक्षा होऊ शकते?

भारतीय न्याय संहितेत यासाठी कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. या कलमात जातीचा उल्लेखच नाही. लॅब्राडोर असो की गावठी, नियम एकच.

निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ नुसार तीन वर्षांपर्यंत, आणि मृत्यू झाला तर कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी मुद्दाम कुत्रा अंगावर सोडला तर तो निष्काळजीपणा राहत नाही. प्राण्याचा वापर करून दुखापत करणं हा कलम ११८ खाली वेगळा गुन्हा आहे.

मुंबईतलं एक प्रकरण इथे बोलकं आहे. २०१० मध्ये नेपियन सी रोडवर रॉटवायलरने एका ७२ वर्षांच्या वृद्धाचा चावा घेतला. फिर्यादीनुसार दोघांचा वाद चालू होता, कुत्रा गाडीत होता आणि 'दार उघडू नका' असं सांगूनही मालकाने दार उघडलं. २०२३ मध्ये गिरगावच्या न्यायालयाने जुन्या भारतीय दंड संहितेखाली मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. निकाल लागायला बारा वर्षांहून अधिक काळ गेला.

'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपत नाही. उलट, मालकाला धोका ठाऊक होता हे दाखवण्यासाठी तीच पाटी पुढे केली जाऊ शकते.

भरपाई मिळते का?

मिळू शकते, पण आपोआप नाही. उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई यांसाठी मालकाविरुद्ध दिवाणी दावा करता येतो. फौजदारी न्यायालयही शिक्षा देताना भरपाईचा आदेश देऊ शकतं.

भटक्या कुत्र्यांबाबत मालकच नसल्याने प्रश्न सरकार आणि स्थानिक संस्थांकडे जातो. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये भरपाईचं सूत्र ठरवून दिलं आणि ती देण्याची जबाबदारी प्रामुख्याने राज्य सरकारवर टाकली.

कुत्रा चावल्यावर काय करावं?

- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका.
- त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे लसीचे सगळे डोस वेळेवर घ्या. जखम खोल असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारा.
- कुत्र्याच्या लसीकरणाचं कार्ड मालकाकडे मागा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगा, पण तोवर स्वतःची लस थांबवू नका.
- जखमेचे फोटो, बिलं, केसपेपर आणि साक्षीदारांची नावं जपून ठेवा. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जाण्याआधी मागून घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या.

आणि कुत्रा पाळणाऱ्यांनी?

मुंबई, पुण्यासारख्या शहरांत कुत्रा पाळायला महापालिकेचा परवाना लागतो. तो काढा, दरवर्षी रेबीजची लस द्या आणि लिफ्टमध्ये, जिन्यात, रस्त्यावर पट्टा सोडू नका. मोठा कुत्रा ज्याला आवरता येत नाही, अशा लहान मुलाच्या हाती पट्टा देऊ नका. 'आमचा काही करत नाही' हे वाक्य कोर्टात बचाव म्हणून फारसं टिकत नाही.