पैनगंगेपलीकडचा किल्ला

मित्रमैत्रिणींनो, नववीच्या सहलीत आपण माहूरला रेणुकामातेचं दर्शन घेऊन परतलो. किल्ला राहूनच गेला. "तो नांदेड जिल्ह्यातला," एवढंच मनात राहिलं. यंदा दिवाळीत घरी आले, तेव्हा हत्ती दरवाजातून आत गेले. तट ढासळलाय, बुरुजांवर झुडपं माजलीत. खाली पैनगंगा.

बहमनी वजीर महमूद गावानने १४८० च्या सुमारास वऱ्हाडचे दोन भाग केले : गाविलगड आणि माहूर. म्हणजे हा किल्ला तेव्हा वऱ्हाडातलाच, एका अख्ख्या सुभ्याचं ठाणं! पुढे इमादशाही, निजामशाही, मोगल आले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, माहूर हैदराबादच्या निजामाकडेच राहिलं आणि पैनगंगा सरहद्द झाली. १९५६ मध्ये दोन्ही काठ एका राज्यात आले, पण मनातली सरहद्द तशीच राहिली.

सर, तुमच्या तासाला मी सनावळ्या पाठ करून मार्क मिळवले. त्या सनावळ्या नदीपलीकडे उभ्या आहेत, हे मात्र पंचेचाळिशीत कळलं. पुढच्या मेळाव्याला एक दिवस जादा काढू या. मुलांनाही आणा; आहे तेवढा तट तरी त्यांनी पाहायला हवा.