पुणेरी पलटण : नाव शहराचे, मैदान फिरते

पुण्याच्या नावाने खेळणारा व्यावसायिक कबड्डी संघ, एवढीच पुणेरी पलटणची ओळख अनेक वर्षे होती. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून या संघाने प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळविले आणि ती ओळख बदलली. संघाचे वय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते.

मशाल स्पोर्ट्सने २०१४ मध्ये आठ संघांनिशी ही लीग सुरू केली. त्यातील पुण्याचा संघ इन्शुअरकोट स्पोर्ट्सने घेतला. कबड्डीच्या नियमांना आकार देण्यात गेल्या शतकाच्या प्रारंभी ज्या शहराचा वाटा होता, त्याच शहराचा संघ पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिला. २०१६ साली दोन हंगाम झाले. दोन्हींत पलटण तिसरी आली. त्यानंतर बाद फेरीपर्यंत पोचायचे आणि तेथून परतायचे, किंवा तेथवर पोचायचेच नाही, असा क्रम बराच काळ चालला. २०१९ च्या हंगामात तर संघ बारांमध्ये दहावा होता.

चित्र पालटले ते तरुण खेळाडूंमुळे. मोठ्या नावांवर लिलावात पैसा ओतण्यापेक्षा नवोदितांना हेरून आपल्याच अकादमीत घडवायचे, हे धोरण ‘युवा पलटण’च्या रूपाने संघाने स्वीकारले. अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, हरयाणाचा मोहित गोयत ही मुले या काळात पुढे आली. अस्लम आणि आकाश हे दोघेही ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून देणारे बी. सी. रमेश प्रशिक्षक म्हणून आले आणि २०२२ मध्ये पलटण प्रथमच अंतिम फेरीत पोचली. तेथे जयपूर पिंक पँथर्सने ३३-२९ असे हरविले. पुढच्या हंगामासाठी मात्र एका खेळाडूवर संघाने हात सैल सोडला. इराणचा बचावपटू महंमदरझा शादलुई याला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरलेल्या राकेश कुमारची बोली १२ लाख ८० हजारांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे दहा वर्षांत या खेळाचा बाजार कोठून कोठे गेला ते कळते. त्या हंगामात पलटणने साखळीतील २२ पैकी १७ सामने जिंकले आणि फक्त दोन गमावले. संघाचा कर्णधार होता अस्लम.

विजेतेपद आले, प्रश्न मैदानाचा राहिला.

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्याचेच तालुके. गावच्या यात्रेत, शाळेच्या आवारात मातीवर कबड्डी खेळणारी मुले तेथे आजही दिसतात. भोरहून कापूरहोळला, वेल्ह्याहून नसरापूरला महामार्गावर यायचे आणि कात्रजच्या नव्या बोगद्यातून, चांदणी चौकावरून थेट बालेवाडी गाठायची. पलटणचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात असले की ही वाट सोपी आहे. रात्रीचे सामने पाहून परतायचे तर स्वतःचे वाहन हवे, ही गोष्ट वेगळी. परंतु १३ मीटर लांब व १० मीटर रुंद मॅटवर, बूट घालून, तीस सेकंदांच्या चढाईत अस्लम बोनस रेषा कसा ओलांडतो हे मातीवर खेळणाऱ्या मुलाने एकदा डोळ्यांनी पाहणे आणि दूरचित्रवाणीवर पाहणे, यांत फरक आहे. पडद्यावर कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावतो. कोपऱ्यातला बचावपटू पाय कधी आणि कसा टाकतो, हे प्रेक्षकांत बसूनच नीट उमगते.

ही संधी दरवर्षी मिळेलच असे नाही. करोनाच्या काळातील २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बंगळुरूत, प्रेक्षकांविना झाला. दहाव्या हंगामात लीग बारा शहरांत फिरली, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याचा टप्पा झाला. २०२४ मध्ये सामने केवळ हैदराबाद, नोएडा आणि पुणे येथे ठेवले गेले. बाद फेरी व अंतिम सामनाही बालेवाडीलाच झाला. पण गतविजेती पलटण आठवी राहिल्याने घरच्या अंगणात दुसऱ्यांचीच लढत पाहण्याची वेळ पुणेकरांवर आली. २०२५ चा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत खेळला गेला. त्यात पुण्याचे नाव नव्हते.

शहराच्या नावाने नवा संघ उभारण्याचा प्रयोग युरोपातही झाला. ‘पॅरिस बास्केटबॉल’ हा क्लब २०१८ मध्ये स्थापन झाला, दुसऱ्या श्रेणीतून २०२१ मध्ये वर आला, २०२४ मध्ये युरोकप आणि २०२५ मध्ये फ्रान्सचे विजेतेपद त्याने मिळविले. पलटणपेक्षाही हा संघ लहान. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसच्या उत्तर टोकाला सुमारे ८,००० प्रेक्षकांचे नवे आदिदास अरेना उघडले आणि तेच या क्लबचे घर झाले. तेथील लीगमध्ये प्रत्येक संघ निम्मे सामने आपल्या घरी खेळतो. त्यामुळे आजूबाजूच्या वस्तीतील मुलांना हंगामभर आपला संघ पाहता येतो. प्रो कबड्डीचे गणित निराळे आहे. सर्व संघ एकत्र एका शहरातून दुसऱ्या शहरात जातात. थोडक्या शहरांत हंगाम उरकला की प्रवास व प्रक्षेपणाचा खर्च वाचतो, हे समजण्यासारखे आहे. मात्र शहरांच्या नावांवर उभ्या राहिलेल्या लीगला ही काटकसर फार काळ परवडेल, असे वाटत नाही.

२०२५ मध्ये अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली पलटण साखळीत पुन्हा अव्वल ठरली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीच्या त्यागराज क्रीडासंकुलात अंतिम सामना झाला. समोर दबंग दिल्ली होती, प्रेक्षकही बहुतांशी तिचेच. तरुण चढाईपटू आदित्य शिंदेने अखेरपर्यंत झुंज दिली. दिल्लीने ३१-२८ अशी बाजी मारली.