मिडल्सब्रो वर का गेले नाही?

1947 साली इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मिडल्सब्रो या पोलादाच्या गावाने मोटरसायकल स्पीडवेच्या नॅशनल लीगची दुसरी डिव्हिजन जिंकली. आदल्या वर्षी नॉर्दर्न लीगचे विजेतेपदही याच ‘बेअर्स’ संघाकडे होते. लागोपाठ दोनदा पहिला आलेला संघ फुटबॉलच्या हिशेबाने वर चढायला हवा होता. तो चढला नाही. 1948 चा हंगामही त्याने दुसऱ्याच डिव्हिजनमध्ये काढला, मग क्लेव्हलंड पार्कवरच्या शर्यती थांबल्या आणि 1949 साली त्याचे रायडर न्यूकॅसलच्या नावाने धावू लागले. हा चमत्कारिक शेवट समजून घ्यायचा तर त्या काळच्या स्पीडवेत ‘दुसरी’ म्हणजे नेमके काय, हे तपासावे लागते. माझे म्हणणे असे की ती पायरी प्रामुख्याने नकाशाने आणि गल्ल्याने ठरवली होती. रायडरच्या कसबाचा तिच्याशी संबंध होता, पण समजले जाते त्याहून खूपच कमी.

खेळ दिसायला सोपा. जळक्या कोळशाच्या चुऱ्याच्या किंवा मुरमाड मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. त्या काळी 500 सीसीचे जॅप इंजिन, एकच गिअर, ब्रेक नाहीच. वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवायचे आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवत तोल सांभाळायचा. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला भोपळा. पेट्रोलचे रेशनिंग चालू असलेल्या देशात ही इंजिने मिथेनॉलवर चालत, आणि प्रेक्षक ट्राम-बसने येत. युद्धातून सुटलेल्या, हातात थोडा पगार असलेल्या पण खर्च करायला दुकानात फारसे काही नसलेल्या माणसांना संध्याकाळी कुठेतरी जायचे होते. स्पीडवेने ती जागा भरून काढली.

1946 साली लीग पुन्हा उभी करताना सहा-सहा संघांचे दोन गट झाले. नॅशनल लीगमध्ये वेम्बली, वेस्ट हॅम, विम्बल्डन आणि न्यू क्रॉस हे लंडनचे चार, शिवाय मँचेस्टरचा बेल व्ह्यू आणि ब्रॅडफर्ड. नॉर्दर्न लीगमध्ये मिडल्सब्रो, शेफिल्ड, न्यूकॅसल, ग्लासगो, बर्मिंगहॅम आणि नॉरिच. नॉरिचला ‘उत्तरेकडचे’ म्हणायला भूगोल बराच वाकवावा लागतो, पण तेव्हा कुणी हरकत घेतल्याचे दिसत नाही. 1947 साली याच सहांमध्ये ब्रिस्टल आणि विगन घालून गटाला ‘दुसरी डिव्हिजन’ हे नाव दिले गेले, आणि खाली नवी तिसरी डिव्हिजन आली. म्हणजे पायरी आधी दिशेच्या नावाने बांधली गेली आणि तिला आकडा मागाहून चिकटला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. 1946 साली स्पीडवेच्या कंट्रोल बोर्डाने रायडरांची प्रतवारी करूनच त्यांचे वाटप केले होते, वरच्या प्रतीचे रायडर बड्या संघांकडे गेले होते. मग फरक गुणवत्तेचाच नव्हे काय? त्या एका वर्षापुरता होता, हे मान्य. पण ती प्रतवारी मुख्यतः 1939 पूर्वीच्या नावलौकिकावर बेतलेली होती. युद्धानंतर उगवलेली मुले त्या यादीत बसणार कशी? ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम वॉरन 1948 साली दुसऱ्या डिव्हिजनमधल्या बर्मिंगहॅमकडून धावत होता. दोनच वर्षांनी तो जागतिक अंतिम फेरीत तिसरा आला.

बढतीचा इतिहास तर आणखी बोलका आहे. 1948 ची दुसरी डिव्हिजन ब्रिस्टलने जिंकली, पण 1949 साली वर गेले ते बर्मिंगहॅम. ब्रिस्टलला पुन्हा एकदा विजेते व्हावे लागले, तेव्हा कुठे 1950 साली वरचे दार उघडले. नॉरिचनेही 1950 आणि 1951 अशी दोन विजेतेपदे घेतली, मगच त्याला 1952 साली पहिल्या डिव्हिजनमध्ये जागा मिळाली. विगनचा संघ एका हंगामानंतर गाव सोडून फ्लीटवुडला गेला. न्यूकॅसलचे प्रमोटर जॉनी हॉस्किन्स 1949 साली ग्लासगोच्या अॅशफिल्डला गेले ते केन ले ब्रेटनसारखे आपले रायडर सोबत घेऊनच, आणि न्यूकॅसलच्या रिकाम्या जागी मिडल्सब्रोचे रायडर आले. दुकान एका पेठेतून उचलून दुसऱ्या पेठेत मांडावे, तसा हा प्रकार. गुणतक्ता प्रेक्षकांसाठी होता, निर्णय हिशेबाच्या वहीवर होत.

दुसऱ्या डिव्हिजनचा रायडर खरोखर किती दर्जाचा असू शकतो, हे 1951 सालच्या जागतिक अंतिम फेरीत वेम्बलीवर सुमारे 93,000 लोकांनी पाहिले. हॅरिंगेच्या जॅक बिग्जने पहिल्या चारही शर्यती जिंकून बारा गुण केले होते; शेवटच्या शर्यतीत तिसरा आला असता तरी जगज्जेतेपद त्याचे होते. तो चौथा आला. बारा गुणांवर तिघे अडकले: बिग्ज, त्याच्याच संघाचा स्प्लिट वॉटरमन आणि दुसऱ्या डिव्हिजनमधल्या एडिनबराचा जॅक यंग. निर्णायक शर्यत यंगने मारली. दुसऱ्या डिव्हिजनचा रायडर जगज्जेता होण्याची ही पहिलीच वेळ. कुणी म्हणेल, हा अपवाद. आणि तो तरी तिथे राहिला कुठे? 1952 साली वेस्ट हॅमने 3,750 पौंड मोजून त्याला नेलेच. पण इथेच माझा मुद्दा पुढे सरकतो. यंग 1952 साली पुन्हा जगज्जेता झाला, म्हणजे त्याचे कसब दोन्हीकडे तेच होते. वेस्ट हॅमकडे जास्त होता तो पैसा.

हा पैसाही फार टिकला नाही. करमणूक कराचा जबर बोजा आणि ओसरती गर्दी यांनी एकेक ट्रॅक बंद पाडला. 1957 च्या सुरुवातीला वेम्बलीचे प्रमुख सर आर्थर एल्विन वारले, वेम्बलीने माघार घेतली, आणि उरलेल्या संघांना दोन डिव्हिजन परवडेनात म्हणून एकच लीग झाली. आदल्या वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकलेला स्विंडन आता सलग तीन वर्षे पहिली डिव्हिजन जिंकलेल्या विम्बल्डनसमोर उभा राहिला. वेम्बली नसल्यामुळे ही कसोटी पुरी नव्हती, हे खरे. तरी 1957 च्या त्या एकत्रित लीगमध्ये पहिला आला तो स्विंडन.