चहा, विनय आणि घरची रुची

घरोघरी चहा करण्याची रीत निराळी असते. कोणी पाणी, दूध, साखर व पत्ती एकदमच चुलीवर ठेवतो. कोणी पाण्यास उकळी आल्यावर पत्ती टाकून भांडे झाकतो. कोणास आले हवे असते, कोणास गवती चहा, तर कोणास कोराच. ही केवळ जिभेची आवड म्हणून आपण सोडून देतो. परंतु या आवडीनिवडींना इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग बौद्ध विहारांतून गेलेला आहे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तथागतांच्या काळी मध्यदेशात चहा नव्हता. तथापि पुढे चहास जी जागा मिळाली ती विनयाने आधीच मोकळी ठेवलेली होती. मध्यान्हानंतर भिक्खूने भोजन करू नये असा नियम आहे. पण तहान भागविण्यास मनाई नाही. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात आंबा, जांभूळ, केळे, मध, द्राक्षे इत्यादींच्या आठ पानांना अनुज्ञा दिलेली आढळते. भोजन आणि पान यांत विनयाने केलेला हा भेद चीनमध्ये फलद्रूप झाला. थांग काळातील लेखक फंग यान सांगतो की, कैयुआन कालखंडात (इ. स. ७१३ ते ७४१) ताई पर्वतावरील लिंगयान विहारात एक ध्यानाचार्य शिकवीत असत. त्यांच्या शिष्यांना रात्री झोपेस व सायंकाळच्या भोजनास मज्जाव होता. चहा मात्र चालत असे. जो तो आपला चहा जवळ बाळगी व जागोजागी उकळून पिई. त्यांचे पाहून लोकांनी अनुकरण केले व ती रूढी झाली. झोप उडविणारे पेय ध्यानास साहाय्यक ठरले, आणि विहारातून ते गृहस्थाच्या घरी आले.

घरच्या रुचीला शास्त्राचे रूप देणारा लू यू (इ. स. ७३३ ते ८०४) हाही विहारातच वाढला. टाकून दिलेले हे मूल जी-जी नावाच्या भिक्खूने सांभाळले. त्याने प्रव्रज्या घेतली नाही. पण आठव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘चा-चिंग’ हा दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्या काळी चहाच्या वड्या असत. वडी शेकून, कुटून, चाळून तिचे चूर्ण पाण्यात टाकीत. लू यूने पाण्याच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे व मंद आवाज ही पहिली. तेव्हा चिमूटभर मीठ घालावे. भांड्याच्या कडेने मोत्यांची माळ दिसू लागली की दुसरी; तेव्हा एक पळी पाणी बाजूस काढून, पाणी ढवळून मध्यभागी चूर्ण सोडावे. लाटा उसळू लागल्या की तिसरी; तेव्हा काढलेले पाणी परत घालून उकळी शमवावी. त्यापुढे उकळलेले पाणी पिण्यास अयोग्य.

त्याच्या आवडी कडक होत्या. कांद्याची पात, आले, बोर, संत्र्याची साल, पुदिना घालून केलेला चहा त्याला गटारात ओतण्याच्या पाण्यासारखा वाटे. आमच्या घरचा आल्याचा चहा त्याने खचितच नाकारला असता! परंतु ज्या चहाविषयी तो बोलतो तो दुधाविना होता. आपल्याकडील चहाचे कारण वेगळे आहे. आसामात १८३० नंतर मळे उभे राहिले. १९३० च्या सुमारास तेथे पत्ती चुरडून, फाडून, तिचे दाणे करणारे सी. टी. सी. यंत्र निघाले. ही दाणेदार पत्ती रंग व कस झटपट सोडते, म्हणून दूध-साखरेतही टिकते. तेव्हा दोन्ही रुची आपापल्या पत्तीस धरून आहेत.

लू यूचे पाण्याविषयीचे मत मात्र आम्हांस अधिक विचार करावयास लावते. डोंगरातले पाणी उत्तम, नदीचे मध्यम व विहिरीचे कनिष्ठ, असा त्याचा क्रम आहे. विहिरीचे घ्यावयाचेच तर ज्या विहिरीवरून पुष्कळ पाणी उपसले जाते तिचे घ्यावे, असे तो सांगतो. कारण उपसा असलेले पाणी ताजे राहते. आमच्या देशात नेमके उलट घडले. पुष्कळांनी स्पर्श केल्याने पाणी विटाळते असे येथे मानले गेले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी व त्यांच्या अनुयायांनी पाणी प्राशन केले, आणि त्या हक्कावर उच्च न्यायालयाची मोहोर उमटण्यास १९३७ साल उजाडावे लागले. गावोगावच्या हॉटेलांत अस्पृश्यांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, आणि ती ज्याची त्यानेच विसळावयाची असे. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाने उपाहारगृहे व पाणवठे यांवरील असा भेद निषिद्ध केला. कायद्याने हॉटेलचे दार उघडता येते. घरच्या फडताळातील वेगळा कप मात्र घरच्यांनीच काढून टाकावा लागतो.

नवव्या शतकातील ध्यानाचार्य चाओ-चौ यांची एक कथा परंपरेत प्रसिद्ध आहे. पूर्वी येथे आला होतास काय, असे ते आगंतुकास विचारीत. होय म्हणणाऱ्यास ते चहा घेण्यास सांगत आणि नाही म्हणणाऱ्यासही तेच सांगत. दोघांना एकच उत्तर कसे, असे व्यवस्थापक भिक्खूने विचारताच त्यालाही चहाच घेण्यास सांगितले. या कथेचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले आहेत. आमच्या दृष्टीने तिच्यातील साधी गोष्ट पुरेशी आहे : नवा, जुना व शंका घेणारा, तिघांसही एकच चहा मिळाला.

म्हणून आले घालावे की न घालावे, दूध किती असावे, हे ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे ठरवावे. त्यात वादाचे कारण नाही. पाणी उकळत असता त्याकडे लक्ष देणे हीही एक स्मृतीच आहे. परंतु दारी आलेल्यास कोणत्या कपातून चहा द्यावयाचा, हा प्रश्न रुचीचा नाही, शीलाचा आहे. तेथे निवड नसावी.