चाकाचा बोल्ट का तुटतो? १८४२ पासूनची गोष्ट

बंद पडलेला ट्रक ओढून नेणारी टोइंगची गाडी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या मागच्या चाकांकडे कधी नीट बघितलंय? अशा जड गाडीचं चाक साधारण आठ-दहा बोल्टांवर हबला बसलेलं असतं. यांनाच स्टड म्हणतात. त्यातला एखादा तुटला की आपण सहज म्हणतो, 'मालच हलका होता.' धातू कसा थकतो हा माझ्या अभ्यासाचा विषय, आणि त्याचा इतिहास सांगतो की हे उत्तर बऱ्याचदा अपुरं असतं.

सुरुवात रेल्वेपासून करू. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, दारांना बाहेरून कुलपं होती. पन्नासहून अधिक माणसं गेली. तेव्हा अनेकांचं मत असं, की धक्के खाऊन लोखंड आतून स्फटिकासारखं ठिसूळ होतं. म्हणजे दोष धातूचा. १८४३ मध्ये रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने वेगळं सांगितलं: अ‍ॅक्सलची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक भेग सुरू होते आणि हळूहळू आत सरकते.

मग जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी अ‍ॅक्सल फिरवत ठेवून वाकवणारी यंत्रं बनवली आणि १८७० पर्यंत चिकाटीने प्रयोग केले. निष्कर्ष असा: एका झटक्यात जो भार धातू आरामात पेलतो, तोच लाखो वेळा आलटून पालटून दिला तर धातू तुटतो. किती जोर, याइतकंच किती वेळा, हेही महत्त्वाचं.

आता आपल्या टोइंगच्या गाडीचा हिशोब करा. चाकाचा व्यास साधारण एक मीटर धरला तर एका किलोमीटरला तीनशेच्या आसपास फेरे. पाच लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचे झाले सुमारे १५ कोटी! मग सगळे बोल्ट कधीच तुटायला हवे होते. ते का तुटत नाहीत?

कारण नीट आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. तो चाकाला हबवर घट्ट दाबून धरतो. भार मुख्यतः या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून जातो, बोल्टला फेऱ्यागणिक फारसा फरक जाणवतच नाही. पण नट सैल पडला की चाक हबवर किंचित सरकू लागतं, बोल्ट दर फेऱ्याला वाकतो आणि व्होलर यांचा हिशोब लागू होतो.

नट आपोआप सैल कसा होतो, हे जर्मन इंजिनिअर गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या हादऱ्यांपेक्षा आडव्या सरकण्याने आटे फार लवकर सुटतात. म्हणजे थोडा सैलपणा आणखी सैलपणा आणतो. ओझं घेऊन वळणाऱ्या गाडीला हे आडवे धक्के सतत बसतात.

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १९९५ मध्ये ट्रकची सुटलेली चाकं आदळून मोटारींमधली माणसं मेली. १९९७ मध्ये तिथे कायदा झाला: व्यावसायिक गाडीचं चाक सुटलं तर 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव चालत नाही, दंड ५०,००० डॉलरपर्यंत. १८४२ मध्ये धातूवर ठेवलेला ठपका आता माणसावर आला.

गॅरेजमधले नियम याच इतिहासातून समजतात. हबच्या तोंडावर गंज किंवा रंगाचा जाड थर ठेवू नका. तो पुढे दबतो, झिजतो आणि ताण उतरतो. दहा बोल्टांच्या, हबवर बसणाऱ्या चाकांना साधारण ६१० ते ६८० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि टॉर्क रेंच वापरा, पान्यावर उभं राहून अंदाज नको. चाक बसवल्यावर ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नटापासून गंजाचे ओघळ निघालेले दिसले तर गाडी थांबवा. एक बोल्ट तुटला तर शेजारचे दोन्ही बदला, कारण त्याचा भार त्यांनीच सोसलेला असतो. दोन किंवा जास्त तुटले तर त्या चाकाचे सगळेच.

तुटलेला बोल्ट हातात आला तर फेकण्याआधी त्याचं तोंड बघा. समुद्रकिनाऱ्यावर लाटांच्या खुणा उमटतात तशा वळ्या दिसल्या, तर तो आज तुटलेला नाही. बरेच दिवस तुटत होता, आणि तेवढे दिवस नट आवळायला वेळ होता.