काजळीची मोजपट्टी

रात्री ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरकडे येताना माहुलच्या बाजूला कधीकधी आकाशात नारिंगी ज्योत दिसते. ती फ्लेअर. रिफायनरीतला जादा वायू तिथे सुरक्षितपणे जाळून टाकतात. इथली पहिली रिफायनरी १९५४ची, दुसरी १९५५ची. आज तिसरी पिढी ही ज्योत बघतेय.

तिचा रंग मुख्यतः काजळीचा असतो, हे मला बरंच उशिरा कळलं. घरच्या शेगडीत वायूत हवा आधीच मिसळते, म्हणून ज्योत निळी. हवा कमी पडली की वायूचे रेणू तुटतात, पुन्हा जुळतात आणि कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात. तापलेले कण पिवळे चमकतात. ज्योतीच्या कडेला त्यांना हवा मिळाली तर जळून जातात. नाही मिळाली तर काळा धूर. दिव्यावर वाटी उपडी धरून आजी काजळ धरायची, ते हेच कण. फ्लेअरच्या तोंडाशी वाफ सोडतात, तीही हवा आत ओढून हे कण जाळायलाच. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हा लोकांनी पाहिलेला उजेडही या काजळीचाच होता.

पण बाहेर पडणारा धूर मोजायचा कसा? १८८८च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी पांढऱ्या कार्डांवर काळ्या रेघांच्या जाळ्या आखल्या. पहिल्या कार्डावर २० टक्के काळं, चौथ्यावर ८० टक्के. कार्डं पंधराएक मीटरवर टांगली की रेघा मिसळून राखाडी दिसतात. धुराची छटा ज्या कार्डाशी जुळेल, तो त्याचा क्रमांक. मी दिवसभर पिक्सेलमध्येच असतो, त्यामुळे युक्ती लगेच ओळखीची वाटली. मुंबईत गिरण्यांच्या धुराविरुद्ध कायदा आला तो १९१२ साली.

आता प्रयोगशाळेत ज्योतीतून लेसर सोडतात आणि किती प्रकाश अडला त्यावरून काजळी काढतात. तरी शहराची सवय रिंगेलमानचीच राहिली: काळं दिसलं तर प्रदूषण.

माहुलच्या अंबापाड्यातले लोक मात्र राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले ते न दिसणाऱ्या गोष्टीसाठी. रसायनांच्या साठवणटाक्यांतून निसटणारी बाष्पं कुठल्याच कार्डाशी जुळत नाहीत. २०१५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यांच्याकडे पहिलं मोजमाप होतं ते स्वतःचं नाक आणि खोकला.

फ्रीवेवर ती ज्योत दिसली की आता मी तिच्या आजूबाजूच्या अंधाराकडेही बघतो.